बारातली पाच ठाणं

त्या वर्षी कोरडा वारा महिनाभर आधीच सुटला आणि मागावरचं सूत तुटायला लागलं. ज्याने माग चालवलेला नाही त्याला यातलं दुखणं कळायचं नाही. सुताला जराशी ओल लागते. ती नसली की ताण्यातला, म्हणजे मागावर ताणलेल्या उभ्या सुतातला, एखादा धागा ताडकन तुटतो. मग थांबा, वाका, दोन्ही टोकं शोधा, गाठ मारा, आडवं सूत नेणारा धोटा चार वेळा फेकला की दुसरा तुटलाच. आम्ही खिडकीला ओली पोती टांगली होती. मागाखालच्या जमिनीवर बायको दिवसातून सहा वेळा पाणी शिंपडायची. माझे पाय कायम चिखलात आणि डोकं तापलेलं. त्यात उजवं मनगट सुजून वांग्याएवढं झालेलं. इतकं करून दिवसाकाठी जेमतेम तीन हात कापड पुढे सरकायचं.

आमच्या गल्लीत सोळा घरं आणि सोळा माग. नदीकाठी गिरणी उभी राहिली त्याला तेव्हा सहा वर्षं झाली होती. आमच्यासारखंच जाड पांढरं कापड, तसाच दोन बोटं निळा काठ, गिरणीवाले धडाधड काढत होते. हातचंच पाहिजे म्हणणारी गिऱ्हाइकं अजून होती, म्हणून आमचा व्यापारी टिकून होता. पण त्या हंगामाला त्याने स्पष्ट सांगितलं होतं. प्रत्येक घराची वीस-वीस हातांची बारा ठाणं, सगळी एकाच दिवशी. एका घराची कमी पडली तर सगळ्या गल्लीचा माल परत. आणि त्यात गिरणीचं एक जरी ठाण निघालं, तर त्याची गाडी पुन्हा या गल्लीत वळणार नाही.

आता आबांचं सांगतो. आबा म्हणजे माझे वडील. मोतीबिंदूने दोन्ही डोळे गेलेले, पण बोटं शाबूत. गल्लीचा माल व्यापाऱ्याकडे जायच्या आधी आबांच्या हाताखालून जायचा. त्याला आम्ही ‘हात फिरवणं’ म्हणायचो. आबा पुढच्या खोलीत फळीवर बसायचे, एकेक ठाण त्यांच्या मांडीवर यायचं, ते कापडाच्या पोटावरून तळहात फिरवायचे, काठ अंगठ्यात आणि बोटात धरून सरकवायचे, आणि ‘हं’ म्हणायचे. ‘हं’ म्हणाले की ठाण गेलं. गप्प बसले की ते ठाण विणणाऱ्याचं तोंड बघण्यासारखं व्हायचं. माझी ठाणं ते पास करायचे, पण ‘हं’ म्हणायच्या आधी एक सुस्कारा असायचा. तो सुस्कारा मी वीस वर्षं ऐकत होतो. गल्लीलाही तो पाठ होता. कुणी नक्कलही करायचं.

आदल्या हंगामात एकाने गिरणीची दोन ठाणं आपली म्हणून ठेवली होती. त्याला सगळे चष्मेवाला म्हणायचे. बायको आजारी, दोन लेकरं, माणूस वाईट नव्हता. आबांनी काठावरून बोट सरकवलं आणि तेव्हाच्या सतरा घरांच्या माणसांसमोर म्हणाले, ‘हे हातचं नाही.’ एवढंच. कसं ओळखलं ते त्यांनी कधी कुणाला सांगितलं नाही, मलासुद्धा. चष्मेवाल्याने तिथल्या तिथे चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला. चार दिवसांनी त्याने माग सोडवला आणि लाकडं गाडीवर रचून लेकराबाळांसकट निघून गेला. जाताना आमच्या दारापुढून गेला. आबा दारातच बसले होते आणि चाकांच्या आवाजाकडे तोंड करून होते. मी आत होतो. खरं सांगायचं तर मला आबांचा अभिमान वाटला होता.

तर, माल द्यायला दहा दिवस उरले आणि माझी बारापैकी सात ठाणं झाली होती. आठवं मागावर अर्धंही नव्हतं. बायको म्हणाली, आबांना सांगा, ते गल्लीत शब्द टाकतील, चार घरं थोडं थोडं विणून देतील. तिचं बरोबर होतं. पण गल्लीच्या न्यायाधीशाचा मुलगा, वय वर्षं चाळीस, दारोदार कापड मागत फिरणार, आणि लोक तो सुस्कारा टाकून दाखवणार. मला ते गिळवेना. मी तिच्यावरच खेकसलो. ती पाण्याची बादली उचलून मागाकडे गेली.

माझा मेहुणा गिरणीत मागांना तेल घालायच्या कामावर होता. त्याच्याकडे आम्ही जात नव्हतो, म्हणजे मी जात नव्हतो. लग्नकार्यातसुद्धा मी त्याच्याशी अंतर राखून बोलायचो. त्या दिवशी भर दुपारी मी गिरणीच्या मागच्या फाटकाशी जाऊन उभा राहिलो आणि त्याची वाट बघत राहिलो. त्याने मला बघितलं आणि त्याचं तोंड उघडं पडलं. पण टोमणा मारला नाही. मारला असता तर बरं झालं असतं.

आत नेलं त्याने. पहिल्यांदा मला वाटलं, छप्पर कोसळतंय. आवाज कानात शिरत नव्हता, पायातून वर येत होता. पलीकडच्या खोलीत वाफेचं इंजिन, तिथून छताला लांबच लांब फिरता दांडा, दांड्यावरून खाली उतरलेले चामडी पट्टे आणि प्रत्येक पट्ट्याला एक माग. शंभर असतील, जास्तही असतील. धोटा फेकणारा हात कुठेच नव्हता. दोन्हीकडून लाकडी दांडके त्याला असा फटका मारत होते की धोटा दिसतच नव्हता. हवेत कापसाची भुकटी भरलेली. बायका एकमेकींचे ओठ बघून बोलत होत्या. एक बाई चार माग सांभाळत होती. तिने धोट्यातली सूत संपलेली कांडी काढली, नवी घातली, धोट्याच्या भोकाला तोंड लावून धागा चोखून बाहेर ओढला आणि माग सुरू केला. मी श्वास घेतला आणि सोडला, तेवढ्यात हे झालं. दुसऱ्या मागावर धागा तुटला, तर माग आपोआप थांबला. बाईने तिकडे पाहिलंही नव्हतं. तुटलेला धागा मी आवाजावरून ओळखतो, ही माझी एक फुशारकी होती. ती तिथे गळून पडली.

कापडाच्या दोन्ही कडांना छोटी काटेरी पितळी चाकं होती. कापड पुढे सरकेल तशी ती फिरत होती आणि कापड रुंदीला ताणून धरत होती. मी ती पाहिली. चांगली डोळे फाडून पाहिली आणि विसरलो.

तेवढ्यात एका मिस्त्रीने माझा सदरा धरून मागे ओढलं. पट्ट्यात जाशील म्हणाला, आणि मेहुण्याला विचारलं, हा कोण. बाहेरच्या माणसाला आत यायची बंदी होती. मेहुण्याने एकदा माझ्याकडे बघितलं आणि सांगितलं, नवा झाडूवाला. मिस्त्रीने कोपऱ्यातला झाडू माझ्या हातात दिला. मग काय करता, मी अर्धा तास मागांच्या खाली वाकून कापसाचा कचरा झाडला. तिसऱ्या पिढीचा विणकर मी. एका पोरीने पाय उचलून घेतले, मला नीट झाडता यावं म्हणून.

पाच ठाणं मिळाली. कशाच्या बदल्यात ते विचारू नका. बायकोचे कान तेव्हापासून मोकळे आहेत.

पोत्यात खाली ठाणं आणि वर लाकडाचा भुसा, असं घेऊन मी निघालो. गल्लीच्या तोंडाशी लांबकाका भेटले. उंचीमुळे त्यांना सगळे लांबकाका म्हणायचे, आणि गल्लीचा माल एकत्र करून व्यापाऱ्याच्या ताब्यात द्यायचं काम त्यांच्याकडे होतं. माझं मनगट बघून त्यांनी पोत्याचं दुसरं टोक उचललं. भुसा बराच जड दिसतोय, म्हणाले. ओला आहे, म्हणालो. घरापर्यंत त्यांनी ओझं आणून दिलं, पोतं ओट्यावर टेकवलं आणि मनगटाला हळद लाव असंही सांगून गेले. मी मान वर करून त्यांना नीट निरोपही दिला नाही.

मग आम्ही दोघांनी जे केलं ते सांगायला आजही जीभ जड होते. आबांनी चष्मेवाल्याचं कापड खळीवरून ओळखलं असणार, असा माझा हिशेब होता. गिरणीची खळ कडक असते, तिला आंबूस वास येतो. म्हणून ठाणं कोमट पाण्यात भिजवून चुरून चुरून धुतली, घरातच वाळवली, आमची पातळ खळ दिली, लाकडी थापीने ठोकली. टोकाचा गिरणीचा निळा शिक्का कापून टाकला आणि शिक्क्याची चिंधी चुलीत घातली. गल्लीची खूण म्हणून प्रत्येक ठाणाच्या शेवटी तीन लाल धागे असतात. ते बायकोने सुईने, एकाआड एक धागा उचलत, इतके सफाईने भरले की मलाच ते मागावरचे वाटले. ती काम करताना एकदाही माझ्याकडे बघत नव्हती. मी म्हणालो, झकास जमलंय. ती म्हणाली, हात लावू नका, ओलं आहे.

आता एक अडचण राहिली होती. आबा शेजारच्या खोलीत बसून दिवसभर माग ऐकायचे. त्यांच्या कानाला ठोक्यांवरून कळायचं कापड किती झालं ते. बारा ठाणं व्हायची तर माग तेवढा वाजायला हवा. मी आठवं ठाण अर्धवटच कापून काढलं, मागावर उरलेला ताणा तसाच ठेवला आणि रिकामा माग हाणायला बसलो. म्हणजे धोट्यात कांडीच नाही. धोटा इकडून तिकडे, तिकडून इकडे, पाय खालीवर, सूत घट्ट बसवणाऱ्या फणीचा ठोका, आणि कापड बोटभरही नाही. आठवडाभर मी हे केलं, पहाटेपासून रात्रीपर्यंत आणि भराभर, धागे तुटायचे थांबलेत असं आबांना वाटावं म्हणून. सुजलेल्या मनगटाने केलं. घाम तोच, कंबरेत उसण तीच, आणि होत काही नाही. बायको पाणी शिंपडायला आली की मी उगाच गाठ मारत असल्यासारखा वाकायचो, जणू तिला ठाऊकच नव्हतं. पहिल्या दिवशी दुपारी आबांनी हाक मारून विचारलं, ‘जमतंय का रे?’ मी म्हणालो, ‘जमतंय आबा.’ दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा तेच विचारलं आणि मी पुन्हा तेच सांगितलं.

हात फिरवायचा दिवस आला. सकाळपासून आमच्या पुढच्या खोलीत गर्दी. माणसं भिंतींना टेकून, बायका दारात, लांबकाका ठाणं उचलून द्यायला. पंधरा घरांचा माल झाला. आमचं घर शेवटी, तशी रीतच होती. माझी सात ठाणं गेली. सात सुस्कारे, सात ‘हं’. कुणीतरी मागे खुसकन हसलं. आठवं लांबकाकांनी आबांच्या मांडीवर ठेवलं.

आबांनी तळहात फिरवला. मग काठ अंगठ्यात धरला आणि बोट सरकवत नेलं. थांबले. बोट परत मागे आणलं. पुन्हा पुढे. खोलीत कुणाला काही कळलं नाही. मला चष्मा पुसणारा तो माणूस दिसायला लागला, तोही याच भिंतीशी उभा होता. आबांनी तोंड वर केलं. न दिसणारे डोळे बरोबर माझ्या दिशेने आले. इतक्या माणसांत त्यांना मी कुठे आहे ते कसं कळलं, देव जाणे.

‘आता बसला हात,’ ते म्हणाले. ‘वीस वर्षं लागली, पण बसला. असं कापड गल्लीत कुणी काढलं नाही.’

सुस्कारा नाही, काही नाही. पुढची चारही ठाणं तशीच गेली. लोक माझ्या पाठीवर थापा मारायला लागले. लांबकाकांनी मला छातीशी धरलं. आणि माझी लाज बघा, मला आनंद झाला. कापड गिरणीचं, झाडू मी मारलेला, आणि तरी छाती फुगली. शेवटी एकदा बापाने चार माणसांत चांगलं म्हटलं होतं. मी हसत होतो. बायको दारातून उठून आत निघून गेली.

रीतीप्रमाणे माल रात्रभर आमच्याकडेच राहायचा आणि दुसऱ्या दिवशी व्यापारी यायचा. दुपारी जेवणं झाली. गल्ली निवांत झाली. लांबकाकांनी मालाचा हिशेब मांडायला बोलावलं म्हणून मी तासभर बाहेर गेलो. परत आलो तर पुढच्या खोलीचं दार लोटलेलं. आत गेलो.

आबा जमिनीवर बसले होते. मांडीवर ठाण होतं, माझ्या त्या पाचांतलं. हातात पोती शिवायची जाड सुई. डाव्या हाताची चार बोटं ते काठावर टेकवत होते, बोटांच्या पुढे सुई टोचत होते, जवळच दुसऱ्यांदा टोचत होते, मग पुन्हा चार बोटं. अंदाज चुकत होता. दोन बोटांना रक्त होतं आणि कापडाला लागू नये म्हणून त्यांनी त्यांना चिंध्या बांधल्या होत्या.

मला समजायला वेळ लागला. हातमागावर कापड ताणून धरायला ताणकाठी असते. तिच्या दोन्ही टोकांना दोन दोन सुया असतात, त्या काठात खुपसायच्या. चार बोटं विणलं की काठी काढायची आणि पुढे खुपसायची. म्हणून आमच्या कापडाच्या काठाला दर चार बोटांवर दोन भोकं असतात. हातचं कापड म्हणजे ती भोकं. वीस वर्षं मी ती रोज शेकड्यांनी पाडत होतो आणि मला ती कधी दिसली नव्हती. गिरणीच्या कापडाला चाकाच्या काट्यांची बारीक ओळ असते, सलग, या टोकापासून त्या टोकापर्यंत. धुतल्याने, ठोकल्याने ती बरीचशी मिटली होती. पण आमची भोकं तिथे नव्हती. जगातल्या कुठल्याही चोराने आधी तीच पाडली असती. विणकर तेवढा विसरला.

‘आबा,’ मी म्हणालो.

‘दार लाव,’ ते म्हणाले. ‘उद्या व्यापारी भिंग घेऊन येईल. मला आंधळ्याला कळलं, त्याला नाही कळणार?’

मी दार लावलं. मग विचारलं की सकाळीच का नाही सांगितलं सगळ्यांसमोर. चष्मेवाल्याला सांगितलं तसं.

त्यांनी सुई चिंधीला पुसली.

‘रिकामा माग वेगळा वाजतो रे,’ ते म्हणाले. ‘फणी कापडावर बसत नाही, नुसती आपटते. आठवडाभर ऐकलं मी. वाटलं, थकशील आणि येऊन सांगशील. दोनदा विचारलंसुद्धा.’

मी त्यांच्यासमोर खाली बसलो. रडलो वगैरे नाही. रडायचं तोंड तरी कुठे होतं. ते म्हणाले, चार बोटांचा अंदाज चुकतोय, तू मोज, मी टोचतो. मी म्हणालो, द्या इकडे, मी टोचतो. त्यांनी सुई दिली नाही. म्हणाले, ‘मी खोटं बोललोय, ते मलाच निस्तरू दे.’

मग मी बोटं टेकवत गेलो आणि ते टोचत गेले. एकेक ठाण वीस हातांचं, दोन्ही काठ, अशी पाच. ऊन भिंतीवरून खाली उतरलं. मधे एकदा बायको पाणी घेऊन आली, तांब्या ठेवला, बघितलं आणि खाली बसून चौथ्या ठाणाची घडी उलगडून दिली. आबांनी मधेच एकदा विचारलं, चष्मेवाला कुठे गेला, काही समजलं का. मी म्हणालो, नाही. त्याला लेकरं दोन ना, म्हणाले. मी म्हणालो, दोन. त्यांनी पुढचं भोक टोचलं.

दुसऱ्या दिवशी व्यापारी आला. भिंग काढून इथलं तिथलं चार ठाणं पाहिली. माझ्या पाचांतलं एक त्याच्या हाती आलं. काठ पाहिला, पोत पाहिला, भिंग मिटलं आणि लांबकाकांना म्हणाला की हा नमुना ठेवा, सगळ्या गल्लीने असं विणलं तर गिरणीला घाबरायचं कारण नाही. गल्ली खूश झाली. ते ठाण मधोमध कापून अर्धं आमच्या गल्लीत ठेवलं गेलं, नमुना म्हणून. पुढच्या हंगामात चांगले चांगले विणकर ते हातात घेऊन बसायचे, माझ्याकडे यायचे, हात कसा बसवला विचारायचे. मी काय सांगणार. मनगट सैल सोडा म्हणायचो.

त्या हंगामाचा हात फिरवायचा दिवस आला तेव्हा माणसं नेहमीसारखी आमच्या पुढच्या खोलीत जमली. लांबकाकांनी पहिलं ठाण आबांच्या मांडीवर ठेवलं. आबांनी त्याला हात लावला नाही. दोन्ही हात गुडघ्यांवर तसेच ठेवले.

‘माझी बोटं मेली,’ ते म्हणाले. ‘आता काही कळत नाही मला. दुसरं कुणी बघा.’

लोक हळहळले. वय झालं, म्हणाले. लांबकाकांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी आबांची बोटं हातात घेऊन चोळली, ऊब द्यावी तशी. सोळा घरांनी आबांच्या शब्दावर जसा आजवर विश्वास ठेवला तसाच याही शब्दावर ठेवला. मी भिंतीशी उभा होतो आणि आबांच्या तोंडाकडे बघायची हिंमत मला झाली नाही.

व्यापारी पुढे दोन हंगाम आला आणि मग यायचा बंद झाला, त्याला आमचा काही दोष नव्हता. माग एकेक करून सुटले. मीही गिरणीत लागलो, आणि पहिले सहा महिने माझ्या हातात झाडूच होता. संध्याकाळी घरी यायचो तेव्हा आबा खाटेवर बसलेले असायचे. अंगावरच्या चादरीचा काठ त्यांनी अंगठ्यात आणि बोटात धरलेला असायचा आणि बोट हळूहळू पुढे सरकत असायचं, चार बोटं, थांबायचं, पुन्हा चार बोटं. उंबऱ्यात माझं पाऊल वाजलं की ते चादर सोडून द्यायचे.